परीक्षेचं काय झालं?

इतिहासाच्या पाठ्यपुस्तकात विद्यार्थी येतात ते घोळक्याने. विद्यार्थ्यांनी बहिष्कार घातला, विद्यार्थी मोठ्या संख्येने सामील झाले, एवढं सांगून होतं आणि पुढच्या ओळीत ते नाहीसे होतात. मग पुढारी बोलतात, ठराव होतात, करार होतात.

मी लोणावळ्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात इतिहास शिकवते. माझ्या वर्गातली मुलं कार्ला, भाजे, कुसगाव, कामशेत इथून आणि नाणे मावळ, पवन मावळातल्या आतल्या गावांतून येतात. कुणाचे वडील बंगल्यावर राखणदार आहेत, कुणाची आई चिक्कीच्या पॅकिंगला जाते, कुणाकडे भाताची दोन खाचरं आहेत. शनिवार-रविवारी पर्यटकांची गर्दी झाली की यातली बरीच मुलं कामाला उभी असतात. ‘घरात बारावीपर्यंत पोहोचलेलं पहिलंच माणूस कोण?’ असं विचारलं तर वर्गात भराभर हात वर होतात.

या मुलांकडून विद्यार्थी चळवळींच्या इतिहासाचा प्रकल्प करून घ्यायचं ठरवलं, तेव्हा माझ्याकडची यादी कुणाकडेही असते तशीच होती. १९०५ ची विदेशी कापडाची होळी, १९४२, संयुक्त महाराष्ट्र, नामांतर. सुरुवात पुण्यापासून केली. फर्ग्युसन महाविद्यालयात शिकणाऱ्या विनायक दामोदर सावरकरांनी १९०५ च्या ऑक्टोबरात विदेशी कापडाची होळी पेटवण्यात पुढाकार घेतला, महाविद्यालयाने त्यांना दहा रुपये दंड केला आणि वसतिगृहातून काढलं. मी स्वदेशी, बहिष्कार, लोकमान्य असं पुढे जाणार, तेवढ्यात मागच्या बाकावरच्या मुलीने विचारलं, “मग मॅडम, परीक्षेचं काय झालं त्यांच्या?”

परीक्षा दिली, बी.ए. झाले, असं मी सांगितलं. पण हा प्रश्न नंतर प्रत्येक नावाला आला. दंड कोणी भरला? घरी काय म्हणाले? वर्ष गेलं का? पुढे नोकरी लागली का? आधी मला वाटायचं, ही मुलं चळवळीच्या अर्थापर्यंत पोहोचत नाहीयेत. हळूहळू माझ्या लक्षात आलं की त्यांनी नेमकी तीच गोष्ट विचारली होती जी आमच्या पुस्तकांनी टाळली आहे. विद्यार्थ्याकडे पणाला लावण्यासारखं काय असतं? जमीन नसते, पद नसतं, पगार नसतो. त्याच्याकडे एक वर्ष असतं, एक हजेरीपटावरचं नाव असतं आणि घरच्यांनी त्याच्यावर ठेवलेली आशा असते. सरकारलाही हे चांगलं ठाऊक होतं. स्वदेशीच्या दिवसांत राजकीय सभांना जाणाऱ्या विद्यार्थ्यांना आवरा, नाहीतर शाळेचं अनुदान आणि मान्यता जाईल, अशा धमकीची परिपत्रकं निघाली. १९०७ चं रिस्ले परिपत्रक त्यातलंच. पोलिसांच्या आधी मुख्याध्यापकांना कामाला लावायचं, अशी ती रीत होती.

मग आम्ही तळेगावला गेलो. लोणावळ्याहून लोकलने काही स्टेशनं मागे. मुलांच्या लेखी तळेगाव म्हणजे एमआयडीसी, जनरल हॉस्पिटल आणि बदलायची गाडी. पण विद्यार्थी चळवळीचा मावळातला सगळ्यात मोठा पुरावा तिथेच आहे.

विष्णु गोविंद विजापूरकर हे कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात संस्कृतचे प्राध्यापक होते. ‘ग्रंथमाला’ आणि ‘विश्ववृत्त’ ही मासिकं त्यांनी चालवली. सरकारी शिक्षणातून कारकून निघतात, माणसं निघत नाहीत, या तळमळीने त्यांनी १९०६ मध्ये समर्थ विद्यालय ही राष्ट्रीय शाळा काढली. ती पुढे तळेगाव दाभाड्याला आली. मातृभाषेतून शिक्षण, हाताने करायचं काम, उद्योगाचं शिक्षण आणि देशाचा विचार हे सगळं तिथे एकाच वेळापत्रकात होतं. १९०८ मध्ये ‘विश्ववृत्ता’त श्रीपाद दामोदर सातवळेकरांचा ‘वैदिक प्रार्थनांची तेजस्विता’ हा लेख छापल्याबद्दल विजापूरकरांवर राजद्रोहाचा खटला झाला आणि ते तुरुंगात गेले. १९१० मध्ये सरकारने शाळाच बंद पाडली. सुटून आल्यावर त्यांनी तळेगावातच नव्याने समर्थ विद्यालय उभं केलं. १९२६ मध्ये ते गेले.

शाळा बंद पाडली गेली, हे सांगताना मी मुलांचे चेहरे बघत होते. गोळीबार, फाशी, तुरुंग या गोष्टी त्यांनी सिनेमात पाहिल्या होत्या. सरकारला एक शाळा एवढी धोक्याची वाटू शकते की तिला कुलूप लावावं लागतं, हे त्यांना नवं होतं. आणि लगेच प्रश्न आला : त्या शाळेतल्या मुलांचं काय झालं?

एकाचं सांगता येतं. विष्णु गणेश पिंगळे. हा मुलगा तळेगाव ढमढेऱ्याचा, म्हणजे शिरूर तालुक्यातल्या तळेगावचा, आणि शिकायला आला तळेगाव दाभाड्याच्या समर्थ विद्यालयात. दोन तळेगावांची ही जोडी मुलांना फार आवडली. त्यांनी नकाशावर दोन्हींना गोल केले. शाळा बंद झाली आणि पुढे पिंगळे यंत्रशास्त्र शिकायला अमेरिकेत गेले, वॉशिंग्टन विद्यापीठात दाखल झाले. तिथे गदर चळवळीशी नातं जुळलं. पहिलं महायुद्ध सुरू झाल्यावर परत आले. सैन्यात उठाव घडवायच्या प्रयत्नात मार्च १९१५ मध्ये मेरठच्या छावणीत बॉम्बसकट पकडले गेले आणि नोव्हेंबर १९१५ मध्ये लाहोरच्या तुरुंगात कर्तारसिंग सराभांबरोबर फाशी गेले. शाळेचं दार बंद झालं नसतं तरी हा मुलगा याच वाटेने गेला असता का, यावर वर्गात बराच वेळ वाद चालला. मला स्वतःला वाटतं की गेला असता. ती वाट शाळेनेच दाखवली होती. पण एका मुलाचं म्हणणं निराळं होतं. तो म्हणाला, “मॅडम, तो शिकायलाच गेला होता ना तिकडे. शेवटपर्यंत शिकायलाच धडपडत होता.” हे वाक्य मी वहीत उतरवून घेतलं.

तळेगावातली दुसरी जागा म्हणजे पैसा फंडाचा काच कारखाना. अंताजी दामोदर काळे यांनी कल्पना मांडली की प्रत्येकाने देशाच्या उद्योगासाठी वर्षाला फक्त एक पैसा द्यावा. लोकमान्यांनी पाठबळ दिलं. बाजारात, जत्रेत, सभेच्या दारात डबे घेऊन उभे राहणाऱ्या स्वयंसेवकांत विद्यार्थी असत. त्या पैशांतून १९०८ मध्ये तळेगावात कारखाना निघाला. जपान आणि अमेरिकेत काचेचं शास्त्र शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय यांनी तो उभारला, आणि तिथे काच बनवायचं शिक्षणही दिलं जाऊ लागलं. मुलांना ही गोष्ट पिंगळ्यांच्या गोष्टीपेक्षा जवळची वाटली. गणपतीची वर्गणी, शाळेच्या गॅदरिंगची वर्गणी मागत दारोदार फिरल्याचा अनुभव प्रत्येकाला आहे. दार तोंडावर बंद झाल्याचाही आहे. आपल्याच वयाच्या मुलांनी एकेक पैसा गोळा केला आणि त्यातून भट्टी पेटली, हे त्यांना आपल्या आवाक्यातलं वाटलं. होळीत कापड जाळणारे विद्यार्थी पुस्तकात दिसतात. भट्टीसाठी पैसा मागणारे दिसत नाहीत. मी शिकवते तेव्हा आता दुसऱ्यांपासून सुरुवात करते.

शिष्यवृत्ती म्हणजे काय, हे मावळातल्या मुलांना समजावून सांगावं लागत नाही. वडगावला तहसील कचेरीत उत्पन्नाच्या दाखल्यासाठी घातलेले हेलपाटे, आधारशी जोडलेलं बँकेचं खातं, संकेतस्थळ बंद पडलं की वाढणारी धाकधूक, हे सगळं त्यांच्या वर्षाचाच भाग असतं. म्हणून सेनापती बापटांची गोष्ट मी शिष्यवृत्तीपासून सांगितली. पारनेरच्या साध्या घरातला पांडुरंग महादेव बापट हा हुशार मुलगा डेक्कन महाविद्यालयातून पदवीधर होतो, मंगळदास नथुभाई शिष्यवृत्ती मिळवतो आणि १९०४ मध्ये यंत्रशास्त्र शिकायला एडिंबरोला जातो. तिथे तो हिंदुस्थानातल्या ब्रिटिश राज्याविरुद्ध जाहीर भाषण करतो आणि शिष्यवृत्ती बंद होते. वर्गात एकदम शांतता झाली. शिष्यवृत्ती बंद होणं म्हणजे काय, ते बोलून दाखवायची गरज नव्हती.

लोणावळ्याच्या दक्षिणेला डोंगर ओलांडला की मुळशी. टाटांच्या वीजप्रकल्पासाठी तिथल्या खोऱ्यात धरण बांधायचं ठरलं, तेव्हा भाताच्या जमिनी जाणाऱ्या मावळ्यांनी सत्याग्रह केला. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी तो सुरू झाला आणि बापट त्याचे नेते झाले. ‘सेनापती’ ही पदवी त्यांना याच लढ्याने दिली. यंत्रशास्त्र शिकायला गेलेला आणि ते अर्ध्यावर तुटलेला माणूस धरणाच्या कामासमोर शेतकऱ्यांबरोबर उभा राहतो. धरण थांबलं नाही. माझ्या वर्गात अशी मुलं आहेत ज्यांच्या पणजोबांच्या तोंडी त्या पाण्याखालच्या गावांची नावं होती. त्यांना मी विचारलं, बापटांची शिष्यवृत्ती वाया गेली का? उत्तरं दोन्हीकडून आली. वाया गेली म्हणणाऱ्यांना मी खोडलं नाही. ज्यांचं घर शिष्यवृत्तीवर चालतं त्यांना तसं म्हणायचा हक्क आहे.

चळवळ हा विषय घरी सांगितला तेव्हा काही पालक अस्वस्थ झाले. पवन मावळातल्या एका आईने मला फोन केला. त्या म्हणाल्या, “बाई, शिकवा तुम्ही, पण पोराला त्यात घालू नका.” त्यांना तसं का वाटतं, ते मावळात वेगळं सांगावं लागत नाही. ९ ऑगस्ट २०११ रोजी पवना धरणातून पिंपरी-चिंचवडला बंद जलवाहिनीने पाणी नेण्याच्या योजनेविरुद्ध शेतकऱ्यांनी बऊरजवळ द्रुतगती मार्ग अडवला, पोलिसांनी गोळीबार केला आणि तीन शेतकरी मृत्युमुखी पडले. त्यांत एक महिला होती. माझी आजची मुलं तेव्हा पाळण्यात किंवा नुकती चालायला लागलेली. शाळेत ९ ऑगस्ट हा क्रांतिदिन म्हणून साजरा होतो, १९४२ ची आठवण म्हणून भाषणं होतात, प्रभातफेरी निघते. मावळातल्या काही घरांत मात्र ती तारीख आली की चूल शांत असते. त्या आईला मी एवढंच सांगितलं की तुमच्या मुलाला मी कुठे नेणार नाही, पण जे घडलं ते त्याला नीट कळावं असं मला वाटतं. नंतर त्यांनीच त्याला जपून ठेवलेली वर्तमानपत्राची कात्रणं दिली.

नंदुरबारच्या शिरीषकुमारबद्दल मुलांना माहिती होती. ९ सप्टेंबर १९४२, हातात तिरंगा, चार सोबत्यांसह गोळीला सामोरा गेलेला शाळकरी मुलगा. मुलींना मात्र वेगळं काही हवं होतं. त्यांच्यासाठी मी अहिल्या रणदिवे यांना आणलं, म्हणजे पुढे खासदार झालेल्या अहिल्या रांगणेकर. बेचाळीसच्या चळवळीत त्या फर्ग्युसनच्या विद्यार्थिनी होत्या आणि येरवड्याच्या तुरुंगात गेल्या. तिथे बायकांनी साड्यांच्या कापडाचा झेंडा शिवला, एकीच्या खांद्यावर दुसरी असा मनोरा केला आणि तो फडकवला. मुली हसल्या, खूष झाल्या, आणि मग एकजण म्हणाली, “आमच्या घरी नुसतं कळलं की पोलिसांत नाव गेलंय, तर दुसऱ्या दिवशी स्थळं बघतील.” हे तिने तक्रारीच्या सुरात म्हटलं नाही, हिशोब म्हणून सांगितलं. मुलाचं वर्ष जातं आणि मुलीचं शिक्षणच जातं, हा फरक कुठल्याही चळवळीच्या इतिहासात ठळकपणे लिहिलेला मला सापडलेला नाही. तो आमच्या प्रकल्पाच्या वहीत त्या मुलीच्या अक्षरात आहे.

सगळ्यात जास्त आम्हाला देहूरोडने दिलं. तळेगावात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं घर आहे आणि देहूरोडला २५ डिसेंबर १९५४ रोजी त्यांनी बुद्धमूर्तीची स्थापना केली, त्यामुळे या पट्ट्यात आंबेडकरी चळवळीची आठवण घराघरांत आहे. तिथल्या एका निवृत्त कामगार काकांकडे मुलं गेली. संरक्षण खात्याच्या डेपोत त्यांनी आयुष्य काढलं. नामांतराच्या वेळी ते कॉलेजात होते.

२७ जुलै १९७८ रोजी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी केला. त्यानंतर मराठवाड्यात दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरं जळली, माणसं मारली गेली. ठराव अमलात आला नाही. मग मोर्चे, लाँग मार्च, तुरुंग भरणं. शेवटी १४ जानेवारी १९९४ रोजी ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ’ असा नामविस्तार झाला. मधे जवळजवळ सोळा वर्षं गेली. ज्याने अठराव्या वर्षी घोषणा दिली तो नाव लागलं तेव्हा चौतिशीत होता.

काकांनी सत्याग्रहात स्वतःला अटक करून घेतली होती. मुलांचा प्रश्न ठरलेलाच होता. परीक्षेचं काय झालं?

“नाही दिली,” काका म्हणाले. “आत होतो. बाहेर आल्यावर पुढच्या वर्षी बसावं म्हणत होतो, पण बापाने हात जोडले. डेपोत जागा निघाली होती. मोठा मुलगा मी. म्हणाला, बाबासाहेबांचं नाव लागेल तेव्हा लागेल, आधी घरात चूल पेटू दे.”

“मग तुम्हाला वाईट वाटलं का?”

“वाटलं ना. खोटं कशाला बोलू. पोरीला शिकवलं मात्र. तिच्या सर्टिफिकेटवर ते नाव यावं म्हणून तिला मुद्दाम औरंगाबादला पाठवलं.”

त्यांनी ते प्रमाणपत्र मुलांना दाखवलं. विद्यापीठाचं पूर्ण नाव, खाली मुलीचं नाव. ज्या विद्यापीठात ते कधी शिकले नाहीत त्याच्या नावासाठी त्यांनी आपली पदवी सोडली होती. पुस्तकात ‘विद्यार्थी मोठ्या संख्येने सहभागी झाले’ असं वाचताना आता मला हे काका दिसतात.

एवढं सगळं जमा झाल्यावर मला जे जाणवलं ते असं. विद्यार्थ्यांच्या चळवळींकडे आपण शिक्षण सोडून केलेली गोष्ट म्हणून पाहतो, पालक तर नक्कीच. पण आमच्या वहीतली बहुतेक माणसं शिक्षणासाठीच भांडत होती. समर्थ विद्यालयाला वेगळं शिक्षण हवं होतं. नामांतरवाल्यांना विद्यापीठाच्या दारावर आपलं नाव हवं होतं. २०१५ मध्ये पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटच्या विद्यार्थ्यांनी १३९ दिवस संप केला तो संस्थेच्या प्रमुखपदी कोण असावं यावरून. आणि ११ मार्च २०२१ रोजी एमपीएससीची पूर्वपरीक्षा तीन दिवसांवर आलेली असताना पुढे ढकलली, तेव्हा पुण्यात नवी पेठेत रस्त्यावर बसलेल्या मुलांची मागणी तर एवढीच होती की आमची परीक्षा घ्या. माझा एक जुना विद्यार्थी त्या रस्त्यावर होता. त्याने मला सांगितलं की त्या दिवशी त्याला चळवळीचा अर्थ वगैरे काही सुचत नव्हतं, फक्त खोलीचं भाडं आणि वय डोळ्यांपुढे होतं. परीक्षा २१ मार्चला झाली.

माझ्या वर्गातल्या मुलांना मात्र मागणी करायची सवयच नाही. महाराष्ट्रात १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने विद्यार्थी प्रतिनिधींच्या थेट निवडणुका गेल्या आणि गुणांवरून नेमणूक आली. निवडणुकांत गुंडगिरी शिरली होती, हे खरं आहे. पण त्यावरचा उपाय म्हणून मतच काढून घेतलं, हे मला पटलेलं नाही. २०१६ च्या कायद्यात निवडणुकांची तरतूद परत आली, तरी माझ्या माहितीतल्या मुलांपैकी कुणी वर्गासाठी मत दिलेलं नाही. अठरा वर्षांचा मुलगा खासदार निवडतो आणि आपला वर्गप्रतिनिधी निवडत नाही.

प्रकल्प जमा झाल्यावर नाणे मावळातल्या मुलांनी स्वतःहून एक अर्ज लिहिला. त्यांची सकाळची गाडी पहिला तास संपल्यावर पोहोचते. ती थोडी आधी सोडावी, एवढाच मजकूर. अर्ज दोन परिच्छेदांचा, शुद्धलेखन मी तपासून दिलं, बाकी काही बदललं नाही. सह्या करायची वेळ आली तेव्हा अडलं. पहिली सही कुणाची? पहिलं नाव लक्षात राहतं, त्यालाच बोलावतात, त्याच्याच घरी फोन जातो. वर्षभर त्यांनी जे वाचलं आणि ऐकलं होतं त्यातून हे त्यांना पक्कं ठाऊक झालं होतं. कुणी भित्रं म्हणून चिडवलं नाही. मग देहूरोडला आलेल्यांपैकी एका मुलीने कंपासपेटीतून कर्कटक काढलं, कागदाच्या तळाशी मोठं वर्तुळ आखलं आणि म्हणाली, कडेने करा सह्या, गोल. सगळ्यांनी तशा केल्या, मुलींनीही. कागद फिरवून फिरवून वाचावा लागतो, पण नावं सगळी वाचता येतात.

अर्जाची शिक्का मारलेली पोच त्यांनी वहीत चिकटवली आहे. उत्तर यायचं आहे. न आल्यास स्मरणपत्र कधी द्यायचं, ती तारीखही त्यांनी शेजारी लिहून ठेवली आहे, आणि ती सहामाही परीक्षा संपल्यानंतरची आहे.